खडपीचं काळीज

माझ्या वहीत यंदाच्या फाल्गुन शुद्ध चतुर्थीला एक ओळ लिहिलेली आहे : ‘खडप्या लवकर माजल्या. कारण कळत नाही.’ ती ओळ मी खोडलेली नाही आणि खोडणारही नाही. माणसाच्या मूर्खपणाचा पुरावा त्याच्याच अक्षरात राहिलेला बरा.

खडपी म्हणजे आमच्या किनाऱ्यावर येणारं एक पाखरू. समुद्रात पसरलेल्या खडकांना आम्ही गाबीत मच्छीमार खडप म्हणतो, त्यावरून हिचं नाव. राखाडी अंग, छातीवर काळे ठिपके, आखूड चोच. भाद्रपदात येते, लाटांचे फटके खात खडकांवरच्या शिंपल्या गिळते आणि ऊन तापलं की निघून जाते. कुठे जाते ते माझ्या वडलांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण बावीस वर्षं मी आमच्या देवगड तालुक्यातल्या पक्षी-संशोधन केंद्रात मदतनीस होतो. आता नाही. खडपी सैबेरियाच्या पार पूर्वेला जाते. तिथल्या डोंगरमाथ्यांवर झाड म्हणून उगवत नाही, नुसते दगड, शेवाळ आणि वितळतं बर्फ. त्या दगडांत ती अंडी घालते. आठ हजार किलोमीटरचा रस्ता, आणि वाटेत एकच मुक्काम.

माझं काम जाळं लावायचं. पाखरू धरायचं, वजन करायचं, पायात कडी घालायची, सोडून द्यायचं. जाळं लावायचं ते सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आणि सुकती चालते चंद्रावर. म्हणून मी वहीत तारीख कधी लिहिली नाही. तिथी लिहिली. केंद्राच्या प्रमुख डॉ. शर्वाणी लेले मला म्हणायच्या, “गुरुनाथ, पक्षी सूर्यावर चालतात हो, चंद्रावर नाही.” मी म्हणायचो, “आणि समुद्र कोणावर चालतो, बाई?” त्या हसायच्या आणि मला वाटायचं, जिंकलो.

त्या चतुर्थीच्या सकाळी हाताला लागलेली प्रत्येक खडपी जड होती. उडायच्या आधी तीन आठवडे पाखरं अशीच खातात, चरबी साठवतात; आम्ही म्हणतो, माजतात. पण माझ्या वहीप्रमाणे माजण्याचे दिवस होळीनंतरचे, आणि होळीला अजून दहा दिवस होते. मी ती ओळ लिहिली, वही मिटली आणि घरी आलो.

घरी माझी बायको हर्षला चुलीपुढे बसून भाकरी खात होती. तव्यावर एक, ताटात एक, आणि टोपलीत चार होत्या त्या गायब.

“अवो, तुमच्यासाठी परत भाजतंय,” ती जरा लाजून म्हणाली. “काय झाला कोण जाणे, भूकच भागना नाय.”

“खडपी माजली म्हणायची,” मी म्हणालो.

“माजूंदेत. काळीज नवा आसा, तेका खाणा नको?”

आम्ही दोघंही हसलो. मी हसलो हे मला आजही सहन होत नाही.

नवं काळीज हा तिचा शब्द. तीन वर्षांपूर्वी एका तापात हर्षलाच्या हृदयाचा निम्माअधिक स्नायू मेला होता. हर्षला कालवं काढणारी बाई. सुकतीला खडपावर जायचं, खडकाला घट्ट चिकटलेलं कालव कोयतीने उघडायचं, आतला मऊ गोळा डब्यात टाकायचा, आणि पाणी चढायच्या आत परत फिरायचं. ती बाई तापानंतर अंगणातून पडवीत येताना दोनदा बसायची. माणसाचं हृदय एकदा मेलं की पुन्हा वाढत नाही, तिथे नुसता वण राहतो. मोठ्या इस्पितळात सांगितलं, वर्ष काढेल.

आणि नेमकं तेव्हाच लेलेबाईंचं संशोधन माणसांपर्यंत आलं होतं. खडपी उडायच्या आधी आपलं शरीर मोडून पुन्हा बांधते. हृदय आणि छातीचे स्नायू वाढवते, आणि उडताना ओझं नको म्हणून जठर, आतडं, यकृत झिजवून निम्म्यावर आणते. पोहोचल्यावर ते सगळं पुन्हा वाढवते. वण नाही, जखम नाही. हे सगळं एका प्रथिनाच्या इशाऱ्यावर चालतं. बाईंनी तो इशारा ओळखला, रुग्णाच्याच पेशींत बसवला आणि त्या पेशी हृदयात टोचल्या. सहा आठवड्यांत हर्षलाच्या हृदयाने मेलेला भाग भरून काढला. त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सुकतीला ती डबा घेऊन खडपावर उतरली, तेव्हा मी केंद्राच्या मचाणावर बसून रडलो होतो. ज्या पाखरांतून तो इशारा काढला त्यांतली बरीचशी मी माझ्या हाताने धरली होती. गावभर सांगत फिरलो, माझ्या पाखराने माझी बायको वाचवली.

फक्त एक गोष्ट उरत होती. तो इशारा दिवसाचा उजेड मोजतो. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की पाखरात तो आपोआप जागा होतो, तसाच तो माणसातही झाला असता. म्हणून दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक सुई घ्यायची. केंद्राच्या दवाखान्यात सगळे तिला कुलपाची सुई म्हणत. ती घेतली की इशारा वर्षभर बंद.

गेल्या वर्षी आम्ही सुई घेतली ती होळीच्या आदल्या दिवशी. मार्चची चार तारीख होती. नर्स अक्षताने कार्डावर पुढच्या वर्षीची तारीख लिहिली : ‘७ मार्चच्या आत.’ हर्षलाला तारीख विचारली तर सांगता येत नाही, पण पाण्याकडे बघून तिथी सांगते. तिच्या सोयीसाठी मी अक्षताचं पेन घेतलं आणि तारखेच्या शेजारी लिहिलं, ‘होळीआधी.’

अक्षता म्हणाली, “काका, तारीखच राहू दे ना.”

“पोरी, आमच्यात तारीख लक्षात राहत नाही,” मी म्हणालो. “होळी कोण विसरतो?”

त्यानंतर आषाढ अधिक आला आणि सगळे सण जवळजवळ तीन आठवड्यांनी पुढे गेले. यंदाची होळी तेवीस मार्चला. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही, पंचांग मला तोंडपाठ आहे. फेब्रुवारीच्या शेवटी दवाखान्याचा मेसेज आला तेव्हा मी जाळं सोडवत होतो. वाचला, म्हटलं होळीला अजून महिना आहे, आणि पुसून टाकला.

एकादशीला, म्हणजे वीस मार्चला, मी हर्षलाला घेऊन दवाखान्यात गेलो. होळीआधी तीन दिवस. वेळेत आलो याचा मला अभिमानसुद्धा होता. दोन दिवसांपासून तिची भूक एकदम गेली होती, ताटाकडे बघवत नव्हतं, पण मी म्हटलं, आठवडाभर ताव मारला त्याचं अजीर्ण असेल.

अक्षताने कार्ड बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती आत पळाली.

लेलेबाईंनी हर्षलाच्या छातीवर एक पातळ चकती चिकटवली. हृदयाच्या भिंतीची जाडी त्यावरून फोनवर दिसते. चांगल्या हृदयाची भिंत दहा मिलिमीटर. हर्षलाची चौदा होती.

“सुई द्या ना मग,” मी म्हणालो. “आता द्या.”

“आता नाही देता येत,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. “आतडं झिजायला लागलंय. आता कुलूप घातलं तर ते तसंच झिजलेलं राहील. अन्न पचणार नाही, आणि तिचं शरीर उपासाने मरेल. इशारा त्याच्या वाटेने पुढे जाऊन आपणच बंद झाला पाहिजे.”

“तो बंद कधी होतो?”

ते मलाच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंनी अकरा खडप्या उन्हाळाभर पिंजऱ्यात ठेवून पाहिल्या होत्या. चार पाखरांना वाऱ्याच्या बोगद्यात रोज तासन् तास उडवलं, ती चरबी जळून रोडावली, मग एका दिवशी खायला लागली आणि जगली. सात नुसती पिंजऱ्यात राहिली. त्यांचं हृदय वाढतच गेलं आणि शेवटी थांबलं. त्या सातही पाखरांना खडपाच्या वरच्या वाळूत पुरणारा मीच होतो.

“अठराच्या पुढे भिंत गेली तर ठोका चुकेल,” बाई म्हणाल्या. “माणसाची ही पहिलीच वेळ आहे, गुरुनाथ. बाकी सगळ्यांनी वेळेवर सुई घेतली. मला जे माहीत आहे ते पाखरांवरून. तुम्हाला खोटा धीर देणार नाही.”

हर्षला बाकावर बसलेली होती. बसलेली कसली, तिचे पाय जमिनीवर सारखे हलत होते. “म्हंजे माका उडूक होया?” तिने विचारलं. कोणी हसलं नाही.

हर्षलाला दवाखान्यातच ठेवून घेतलं; दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ विलास तारी तिथे आला. स्वतःची होडी आहे, तोंड फटकळ, आणि बहिणीवर जीव. कार्ड बाईंकडे राहिलं होतं, ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मला एकच प्रश्न विचारला.

“भावजी, तेंचो मेसेज इल्लो काय नाय?”

मी त्याच्याकडे बघितलं. दारात अक्षता उभी होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि तिला खात्री होती की मी खरं बोलेन.

“नाय इल्लो,” मी म्हणालो.

विलासने तिथे जो तमाशा केला तो मी सांगत नाही. अक्षता रडली, पण माझं नाव तिने घेतलं नाही. कदाचित तिलाही वाटलं असेल की आपण ते पेन द्यायला नको होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बायको मरायला टेकलेली आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. असा मी माणूस.

होळी आमची दवाखान्यात गेली. बाईंनी ट्रेडमिल आणून दिली. हर्षला पहिल्या दिवशी त्यावर पाच तास चालली, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी उतरली आणि त्या यंत्राला लाथ मारली.

“ह्या खंय जाता? खंयच नाय! पाय माझे चलतत आनि भिंत थंयच्या थंय!”

भिंत म्हणजे ती समोरच्या भिंतीबद्दल बोलत होती. फोनवरची भिंत मात्र पंधरावर गेली होती. झोप नव्हती, पोटात पाण्याशिवाय काही टिकत नव्हतं, नळीने दिलेलं उलटत होतं. बाई म्हणाल्या, औषध देऊन निजवून ठेवू, अंधाऱ्या खोलीत, म्हणजे निदान तडफड कमी. मला ती पिंजऱ्यातली सात पाखरं दिसली.

हर्षलानेच सांगितलं. खिडकीशी उभी होती, तिथून किनाऱ्याचा रस्ता उत्तरेकडे जाताना दिसतो. “माका जावक होया,” ती म्हणाली. “मरान तर मरान. पण माका हयसर रवाक नको.”

लेलेबाईंनी बराच वेळ विचार केला. उत्तरेची ओढ वगैरे माणसात असायचं काही कारण नाही, असं त्या म्हणाल्या, आणि जागा बदलण्याने इशारा लवकर बंद होतो का, ते कोणी तपासलेलंही नाही. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. “गेलात तर एक लक्षात ठेवा. भूक ही खूण आहे. पाखराचं आतडं पुन्हा वाढायला लागतं तेव्हा त्याला पहिली भूक लागते. तिला भूक लागली की अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी मऊ गेलंच पाहिजे. नाहीतर रक्तातली साखर कोसळेल आणि ते हृदय तो धक्का सोसणार नाही. डबा कायम जवळ ठेवा.”

अठ्ठावीस मार्चला सकाळी आम्ही निघालो. ती चालत, मी मागून स्कूटरवर, पाठीच्या पिशवीत पेजेचा डबा.

ती कशी चालायची ते सांगतो. मान खाली, हात कोपरात दुमडलेले, पावलं आखूड आणि भराभर. कालवं काढणाऱ्या बायका पाणी चढायला लागल्यावर खडपावरून अशाच परततात. विजयदुर्गची खाडी ओलांडताना होडीतसुद्धा ती बसली नाही. मी तासातासाने डबा उघडून पुढे करायचो, ती वासानेच तोंड फिरवायची. दुपारी ती पेज मी कुत्र्यांना घालायचो आणि पुढच्या गावात कुणाच्या तरी घरी नवी करून घ्यायचो. कोळ्यांच्या, खारव्यांच्या घरांत आजारी बाईला पेज नाकारत नाहीत. संध्याकाळी बाईंना फोन करायचा आणि आकडा सांगायचा. पंधरा पूर्णांक चार. पंधरा पूर्णांक नऊ.

तिसऱ्या दिवशी, रत्नागिरी अजून दहाएक किलोमीटर असताना, विलासचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, हर्षलाला ऐकू जावं म्हणून.

“ताये, त्या नर्शीक घराक बसवलंय! वरपर्यंत गेलंय मी. आता तिका खंयच नोकरी गावूची नाय.”

“बरा झाला,” हर्षला चालता चालता म्हणाली. “माझ्या जिवाक लागली ती.”

मी फोन ठेवला. रस्त्याला चढ होता, दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं. स्कूटर तिच्या शेजारी आणली.

“हर्षला, तिची चूक नाही.”

“मगे कोणाची?”

“मेसेज आला होता. मी पुसला. तिने तारीख लिहिली होती, मीच तिथे ‘होळीआधी’ लिहिलं. अधिक महिना आला हे मला माहीत होतं. विलासला मी खोटं सांगितलं.”

ती थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे पाय थांबले, आणि मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार. ती माझ्याकडे बघत राहिली. मी अठरा वर्षांच्या संसारात तिचा राग पुष्कळ बघितला आहे, पण तो बडबडीचा. हा निराळा होता.

“उतरा,” ती म्हणाली.

“काय?”

“गाडी थंयच ठेवा आनि चला. माझ्यावांगडा चला.”

मी स्कूटर एका चहाच्या टपरीवर ठेवली. आधी लेलेबाईंना फोन करून सगळं सांगितलं, अक्षताला बोलवून घ्या म्हणालो. त्या “बरं” एवढंच म्हणाल्या. मग विलासला सांगितलं. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या हक्काच्या होत्या. तोवर हर्षला वळणापार गेली होती आणि मी धावत सुटलो.

त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

गणपतीपुळे, जयगड, गुहागर. माणसाच्या पायांची किंमत काय असते ते मला त्या रस्त्याने शिकवलं. दुसऱ्या दिवशी टाचा फुटल्या, चौथ्या दिवशी मी चपला सोडून फडकी गुंडाळली. तिच्या अंगावरची चरबी डोळ्यांदेखत उतरत होती, बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. दाभोळच्या फेरीबोटीत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली आणि लोक वेडी म्हणून बाजूला झाले. मी त्यांना सांगत बसलो नाही. सोळा पूर्णांक पाच. सतरा. सतरा पूर्णांक तीन.

एका सकाळी हर्णेच्या अलीकडे आमच्या डोक्यावरून पाखरांचा एक थवा गेला, खूप उंचावरून, उत्तरेच्या रोखाने. खडप्या होत्या. बावीस वर्षांत त्यांना निघून जाताना मी कधी बघितलं नव्हतं, कारण मी नेहमी चुकीच्या दिवसांची वाट बघत असे. वहीत दरवर्षी ‘यंदा लवकर गेल्या’, ‘यंदा उशिरा गेल्या’ असं लिहिलेलं आहे. त्या ना लवकर जात होत्या, ना उशिरा. त्या आपल्या तारखेला जात होत्या. हर्षलाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि थवा दिसेनासा होईपर्यंत ती उलटी मान करून चालत राहिली. मला त्या पाखरांचा द्वेष वाटला.

आठ एप्रिलला सकाळी आकडा सतरा पूर्णांक आठ होता. लेलेबाई फोनवर म्हणाल्या, “गुरुनाथ, हरिहरेश्वरला रुग्णवाहिका पाठवते. आता थांबा.” मी म्हणालो, ती थांबत नाही. त्या म्हणाल्या, “थांबवा.” मी फोन ठेवला.

त्या दिवशी ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या म्हातारीने पेज रांधली होती. डबा भरायला ती हात पुढे करून उभी होती. मी नको म्हणालो. अकरा दिवस मी पेज वाहिली आणि अकरा दिवस कुत्र्यांना घातली. मला त्या डब्याकडे बघवेना. खरं सांगायचं तर मला वाटलं, संपलं. आज संपणार, आणि ते संपताना माझ्या हातात तो भरलेला डबा नको. मी तो रिकामाच पिशवीत टाकला.

बाणकोटची खाडी ओलांडून आम्ही किनाऱ्याची पायवाट धरली. गाव मागे पडलं. एका बाजूला कातळाचा कडा, दुसऱ्या बाजूला खडकच खडक, मधे माणूस नाही. ऊन कलायला लागलं होतं. हर्षलाची चाल मंदावली होती, ती दहा पावलांनी अडखळत होती. मी मागून येत होतो ते जवळजवळ रांगतच. फोनला रेंज नव्हती.

ती एका दगडावर बसली. आपण होऊन बसली. मी जागच्या जागी गोठलो.

तिने समुद्राकडे बघितलं, मग पोटावर हात ठेवला, मग नऊ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“अवो,” ती म्हणाली, “माका भूक लागली.”

मी पिशवीत हात घातला. डबा हाताला लागला. हलका, कोरडा, रिकामा. तो उघडून बघितला तरीही, जणू कुणीतरी त्यात काही ठेवलं असेल. मग मी ओरडलो. कशासाठी, कुणासाठी, ते मला माहीत नाही. मागचं गाव तासाभराच्या वाटेवर होतं आणि माझे पाय मोडलेले. रुग्णवाहिका पुढे हरिहरेश्वरला, आणि ते किती लांब त्याचा पत्ता नाही. तिच्या कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडत होते, बोटं थरथरत होती. अर्धा तास. मी कड्याकडे धावलो, परत आलो, पुन्हा धावलो. करवंदाची एक जाळी होती, तिच्यावर हिरवी कच्ची फळं. त्यातलं मऊ काय देणार?

“खंय धावतास?” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “पाणी बघा.”

मी पाणी बघितलं. अमावास्या होती. वर्षातल्या मोठ्या सुकत्यांपैकी एक. समुद्र पार मागे गेला होता आणि एरवी कधी दिसत नाही असं खडप उघडं पडलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं कालवांनी भरलेलं.

आमच्यात पुरुष कालवं काढत नाहीत. बाप्ये होडीवर जातात, खडपावर बायका. बावीस वर्षं मी त्याच खडपावर जाळं लावलं, पण एक कालव कधी उघडलं नाही, उघडावं असं मनातही आलं नाही. मी एक लांबट दगड उचलला आणि खडकाला लागलेल्या पहिल्या कालवावर घातला. कवचाचा चुरा झाला आणि आतला गोळा चुऱ्यात मिसळून गेला. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याला दगड निसटला आणि तळहात फाटला.

“मधी मारू नका!” ती वरून ओरडली. कुठून आणला तिने तो आवाज! “कडेन मारा. जोड आसता ना, थंय. हळू.”

मी कडेला, जोडावर, हळू मारलं. वरचं झाकण उचकटलं. आत राखाडी, मऊ, ओला गोळा. मी तो बोटांनी काढला, समुद्राच्या पाण्यात बुडवून घेतला आणि खडक चढून तिच्याकडे गेलो. तिने तोंड उघडलं. मी भरवलं.

तिने डोळे मिटले. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. गिळलं. पोटात टिकतंय की उलटतंय, मी श्वास रोखून मोजत होतो. टिकलं.

“रगत लागला हा तेका,” ती म्हणाली.

“माझं आहे.”

“ठावक आसा.” तिने ओठ पुसले. “आणखी.”

मी पुन्हा खाली उतरलो.

वहीत त्या दिवसाची तिथी मी लिहिलेली नाही. लिहिलं आहे ते असं : आठ एप्रिल, संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा. कालवं एकोणीस. नऊ तारखेला सकाळी भिंत सतरा पूर्णांक सहा.